केरबा साळिंदराची सोंड

एका जंगलात, मुलांनो, पुष्कळ घरटी होती, बिळं होती, वारुळं होती, आणि ती सगळी न शिकता बांधलेली होती. हे काही बरं दिसत नव्हतं. म्हणून जंगलाच्या मधोमध, एका जुन्या उंबराखाली, इंजिनिअरिंग कॉलेज निघालं.

तिथे सुगरणीच्या पोरांना विणकाम शिकवू लागले. वाळवीच्या पोरांना वारूळशास्त्र. शेवटच्या वर्षापर्यंत पोरांना स्वतःचं घर बांधता येईनासं व्हायचं. मग त्यांना पदवी मिळायची.

या कॉलेजात केरबा नावाचं एक साळिंदर शिकत होतं. शाखा मातीकाम. घर खालच्या वस्तीत, ओढ्याच्या काठाला. बाप लहानपणीच गेलेला. आई दिवसभर कंद उकरायची आणि त्यातले चांगले चांगले पोराला वर पाठवायची. वस्तीतून कॉलेजात गेलेलं हे पहिलंच पोर होतं. त्यामुळे ससे, घोरपडी, मुंगसं, सगळ्यांनाच ते आपलं वाटायचं.

केरबा हुशार होता. नुसती माती हुंगून ती किती खोलातली आहे ते सांगायचा. पण एका विषयात त्याची गाडी हमखास अडायची. तो विषय म्हणजे आंतरराष्ट्रीय संवादासाठी इंग्रजी.

आता तुम्ही विचाराल, जंगलात इंग्रजी कशाला? शहाण्या मुलांनी असले प्रश्न विचारू नयेत. इंग्रजी ही त्या जंगलातल्या कोणाचीच भाषा नव्हती. वाघाची नव्हती, वानराची नव्हती. त्यामुळे ती सगळ्यांना सारखीच अवघड जायची आणि कोणावर अन्याय व्हायचा नाही. शिवाय डोंगरापलीकडे परदेश होता. परदेशाशी बोलायचं तर इंग्रजीतच बोलायचं, हे जंगलात सर्वांना ठाऊक होतं. परदेशात कोणती भाषा बोलतात हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

हा विषय भारद्वाज सर शिकवायचे. तांबूस पंख, लाल डोळे आणि घसा सतत खाकरलेला. भारद्वाजाला फार लांब उडता येत नाही. त्यामुळे सर परदेशी कधी गेले नव्हते. पण परदेशाबद्दल ते बोलू लागले की नुकतेच जाऊन आले असावेत असं वाटायचं.

सरांच्या विषयात लेखी परीक्षा नव्हती. तोंडी होती. तोंडी परीक्षेला बाहेरून एक्स्टर्नल यायचे, चहा प्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: स्वतःबद्दल सांगा.

आणि त्या प्रश्नाचं एक उत्तर ठरलेलं होतं. त्याचं काय झालं होतं, की पुष्कळ वर्षांपूर्वी या कॉलेजात एक हत्ती शिकत होता. त्याने तोंडी परीक्षेला असं काही झकास उत्तर दिलं, की एक्स्टर्नलनी त्याला तिथूनच उचलून परदेशी नेलं. उचलून म्हणजे आपलं बोलायची पद्धत. तेव्हापासून हत्तीचं ते उत्तर कॉलेजात जपून ठेवलेलं होतं. वरच्या वर्गातली पोरं ते खालच्या वर्गातल्या पोरांकडून घोकून घ्यायची. उत्तर असं होतं:

‘मी एका मोठ्या कळपात जन्मलो. माझी सोंड लांब आहे. मला मावशांबरोबर नदीत डुंबायला आवडतं. माझं वजन हे माझं बलस्थान आहे. मला उडी मारता येत नाही, हा माझा दोष आहे, पण त्यावर मी मेहनत घेत आहे. ही संधी दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे.’

हे सगळं अर्थात इंग्रजीत. तुमच्या सोयीसाठी इथे आपल्या भाषेत दिलं आहे.

परीक्षेच्या दिवशी मोठी मौज असायची. खार यायची आणि वजन हे आपलं बलस्थान आहे असं सांगून पास व्हायची. बेडूक टुणकन उडी मारून दगडावर चढायचा आणि मला उडी मारता येत नाही म्हणायचा. त्याला पैकीच्या पैकी मिळायचे. एक वाघळू तर उलटं लटकून नदीतल्या मावशांविषयी इतकं गहिवरून बोललं, की एक्स्टर्नलचे डोळे पाणावले.

एकटा केरबा नापास व्हायचा. तो ‘माझी सोंड’ इथपर्यंत यायचा, स्वतःच्या नाकाकडे बघायचा आणि अडकायचा. एकदा तर त्याने सरळ ‘मला काटे आहेत’ असं सांगितलं. एक्स्टर्नलनी चहाचा पेला खाली ठेवला. सरांनी मान खाली घातली.

परीक्षा झाल्यावर सरांनी त्याला बाजूला घेतलं.

‘सर, मला सोंड नाही,’ केरबा म्हणाला.

‘ते मला दिसतंय. पण एक्स्टर्नलला सोंड लागते, त्याला मी काय करू? तू काय नवीन भाषा काढायला आलायस इथे?’

मग सरांनी त्याला प्रेमाने समजावलं. स्वतःबद्दल खरं सांगणं हा हौसेचा भाग झाला. संवाद ही वेगळी गोष्ट आहे, तिला सराव लागतो. केरबाने मान डोलावली. त्याचे काटे मात्र उगीचच खुळखुळले.

त्याच वर्षी कॉलेजने ओढ्यावर बांध घातला. परदेशी राजहंस उतरायचे तर तळं हवं, आणि राजहंस उतरले नाहीत तर आंतरराष्ट्रीय काय उरलं? म्हणून प्राचार्य गवारेडे यांनी तो बांध उभा केला. आराखडा राजहंसांनी पाठवला होता. बांधाला एक ओंडक्याचं दार होतं. पाणी सोडायचं झालं तर ते दार उघडायचं, पण राजहंसांनी इंग्रजीतून हुकूम दिल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. खालची वस्ती बांधाच्या बरोबर पायथ्याशी आली. तिचा आराखड्यात उल्लेख नव्हता. त्यामुळे तिला धोका नव्हता.

एके दिवशी केरबा बांधाच्या पायथ्याशी माती बघत फिरत होता. त्याला एके ठिकाणी ओल दिसली. बांधातून पाणी थोडंफार झिरपतंच. ते नितळ असलं तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही. पण ते गढूळ यायला लागलं, की समजायचं बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे आणि बांध आतून पोखरतो आहे. हे त्याला दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं होतं. बिळं खोदणाऱ्याच्या पोराला ते शिकवावं लागत नाही हा भाग वेगळा.

केरबाने वाकून पाहिलं. पाणी गढूळ होतं.

बांधापासून आईचं बीळ हाकेच्या अंतरावर होतं. त्याच्या पलीकडे सशांच्या बाळंतिणींची बिळं होती. तो तसाच पळत प्राचार्यांकडे गेला.

प्राचार्य गवारेडे हे फार वजनदार गृहस्थ होते. ते रवंथ करत ऐकत राहिले. केरबाने सगळं सांगितलं, कुठे ओल आहे, पाणी कसं येतंय, आणि दार उघडून हळूहळू पाणी सोडलं तर बांधही वाचेल आणि वस्तीही वाचेल.

‘हे तू कोणत्या भाषेत सांगतोयस?’ प्राचार्यांनी विचारलं.

‘आपल्या जंगलबोलीत, सर.’

‘मग ही अफवा झाली. हेच इंग्रजीत सांगितलं तर त्याचा अहवाल होतो. अफवेवर मला कारवाई करता येत नाही.’

आणि खरं तर त्यांना अहवालावरही करता येत नव्हती. दाराचा हुकूम राजहंसांचा. राजहंस हिवाळ्यात पाहणीला येणार होते आणि येतील तेव्हा शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षाही तेच घेणार होते. त्यांच्यासमोर उभं राहून इंग्रजीत सांग, म्हणजे काम झालं, असं म्हणून प्राचार्यांनी दुसरा घास चघळायला घेतला. तोवर वस्तीत काही बोलू नकोस असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती. तांत्रिक बाब जंगलबोलीत सांगितली की तिची अफवा होते, हे केरबाला मनापासून पटलं होतं. शेवटच्या वर्षापर्यंत शिकलेला होता तो.

तो भारद्वाज सरांकडे गेला. बांध आतून पोखरतोय हे इंग्रजीत कसं म्हणायचं, असं त्याने विचारलं. सरांनी बराच वेळ विचार केला. असलं वाक्य आजवर कधी परीक्षेला आलेलं नाही, असं ते म्हणाले. मग त्यांना दया आली. आजारपणाच्या रजेचा अर्ज मात्र येतो, त्यात बसवता आलं तर बघू, असं म्हणून त्यांनी केरबाला तयार करून दिलं: बांधाला कालपासून ताप आहे, तरी त्याला विश्रांतीसाठी सुट्टी मिळावी, ही नम्र विनंती.

केरबाने ते पाठ केलं. पण ते म्हणताना त्यालाच कसंसं व्हायला लागलं.

शेवटी तो तळ्याकाठी गेला. तिथे शेपूट हलवत चिखलातले किडे टिपणारा एक तुतवार पक्षी होता. दर वर्षी डोंगर ओलांडून यायचा, त्यामुळे चार ठिकाणचं चार तऱ्हेचं बोलणं त्याला येत होतं. इंग्रजीही येत होती, कामापुरती. केरबाने त्याला चिखल उकरून किडे काढून द्यायचे आणि त्याने केरबाला शिकवायचं, असं ठरलं.

तुतवाराची शिकवायची रीत अजब होती. तो काही पाठ करायला द्यायचा नाही. समोर काय दिसतंय ते बोल, म्हणायचा. केरबा म्हणायचा, चिखल आहे. पाणी आहे. तुझी शेपूट हलते आहे. मला काटे आहेत. पहिल्यांदा ‘मला काटे आहेत’ म्हटल्यावर केरबा घाबरून इकडेतिकडे बघू लागला. तुतवाराने नुसती मान डोलावली, कारण काटे त्यालाही दिसत होते. परक्या भाषेतही आपलं खरं सांगता येतं, हे केरबाला तेव्हा कळलं. त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याने तुतवाराला दुप्पट किडे काढून दिले.

हिवाळा लागेपर्यंत केरबाला हवं ते बोलता येऊ लागलं. बांधातून गढूळ पाणी येतं आहे. आतली माती वाहते आहे. दार उघडा. खाली माझी आई राहते. अगदी साधं, पण स्वच्छ.

‘तुझं आता चांगलं झालंय,’ तुतवार म्हणाला. ‘ते ज्याला कळेल असा कोणीतरी शोध, म्हणजे झालं.’

केरबाला वाटलं, तो थट्टा करतोय.

परीक्षेच्या आधी तो घरी गेला. आईने भाजलेले कंद पुढे ठेवले. ती त्याच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, ‘आरं, जरा विंग्रजी बोलून दाव की.’

केरबाच्या ओठांवर तुतवाराकडे शिकलेली वाक्यं आली होती. पण त्यातलं शेवटचं वाक्य आईसमोर म्हणवेना. म्हणून त्याने हत्तीचं उत्तर म्हणून दाखवलं. आईला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. तिने डोळे पुसले आणि शेजारच्या घोरपडीला हाक मारून बोलावलं. केरबाला ते पुन्हा म्हणावं लागलं. ओल आता बिळाच्या तोंडाशी आली होती. आई म्हणाली, यंदा दवच लई पडतंय. केरबाने पुढचा कंद तोंडात घातला.

राजहंस आले. मोठा थाट झाला. बांधावर मांडव पडला, मोराने नाच केला, माकडांनी टाळ्या पिटल्या. राजहंसांचे प्रमुख मान उंच करून मधोमध बसले. त्यांच्या मागे बाकीचे राजहंस तशाच माना उंच करून बसले. प्राचार्यांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. पाहणी आणि तोंडी परीक्षा एकदमच सुरू झाली.

बेडूक झाला, खार झाली. सगळे पास होत होते. राजहंस दर उत्तराला मान डोलवत होते.

केरबाचं नाव पुकारलं. तो पुढे झाला. भारद्वाज सरांनी मागून त्याला खूण केली, सोंड विसरू नकोस. केरबाला माहीत होतं की आज सोंड म्हटली तर तो पास होईल, पदवी मिळेल, कदाचित परदेशही मिळेल. त्याने खाली वस्तीकडे पाहिलं. आई मुद्दाम उंच दगडावर चढून त्याची परीक्षा बघत उभी होती.

‘बांधातून गढूळ पाणी येतं आहे,’ केरबा इंग्रजीत म्हणाला. ‘आतली माती वाहते आहे. आजच दार उघडा. खाली माझी आई राहते.’

प्राचार्यांचा रवंथ थांबला. एवढं स्वच्छ इंग्रजी त्या जंगलात कोणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे ते कोणालाच कळलं नाही.

राजहंसांच्या प्रमुखांनी केरबाकडे पाहिलं. मग ते उठले. त्यांनी पंख सावरले, घसा साफ केला आणि गंभीर आवाजात उत्तर दिलं.

‘मी एका मोठ्या कळपात जन्मलो,’ ते म्हणाले. ‘माझी सोंड लांब आहे.’

केरबाला आधी वाटलं आपल्या कानातच काही बिघाड झाला. पण प्रमुख थांबले नाहीत. मावशा झाल्या, नदी झाली, वजन झालं. मागचे राजहंसही हळू आवाजात त्यांच्याबरोबर म्हणत होते. तेव्हा केरबाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो हत्ती परदेशी गेला होता ना, त्याने तिथे जाऊन इंग्रजीचा क्लास काढला होता.

राजहंसांनी आभार मानले. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन देशांमध्ये असा मोकळा संवाद पूर्वी झालाच नव्हता, असं प्राचार्य शेजारच्या माकडाला सांगू लागले.

केरबा कासावीस झाला. शब्द नको तर नको, निदान दाखवू तरी, असं म्हणून तो धावत पायथ्याशी गेला. पळसाच्या पानाचा द्रोण केला, झिरपणारं पाणी त्यात घेतलं आणि आणून प्रमुखांसमोर धरलं. पाणी चांगलंच गढूळ होतं. प्रमुखांनी द्रोणात पाहिलं. एक्स्टर्नलसमोर जे धरतात तो चहा असतो, एवढं त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि हत्तीच्याच शब्दांत पुन्हा एकदा आभार मानले.

‘खाली बशी कुठाय?’ प्राचार्य दातओठ खाऊन म्हणाले.

तेवढ्यात केरबाच्या पायाखालची माती खचली. अगदी थोडीशी. दुसऱ्या कोणाला कळली नसती.

मग त्याने परीक्षा सोडली. सर हाका मारत राहिले. तो काटे उभे करून, खुळखुळ वाजवत, बांधावरून गडगडत खाली गेला आणि वस्तीत शिरून आपल्या बोलीत ओरडला, ‘पळा, बांध फुटतोय. टेकडीवर चढा.’

एवढंच. त्याला व्याकरण नव्हतं, प्रस्तावना नव्हती, आभार नव्हते. पण सशांनी पिल्लं तोंडात धरली. घोरपड सरसर वर निघाली. मुंगसांनी म्हाताऱ्या कासवाला ढकलत ढकलत नेलं. कोणी विचारलं नाही की ही अफवा आहे का अहवाल. आई कंदांची टोपली घ्यायला माघारी वळली, तर केरबाने तिला दाताने धरून ओढलं. सगळी वस्ती टेकडीवर पोचली आणि बांध फुटला.

मांडव वाहून गेला. राजहंस उडाले, माकडं झाडांवर चढली, प्राचार्य गवारेडे पोहत बाहेर आले. जीव कोणाचा गेला नाही. पण खालच्या वस्तीत एक बीळ उरलं नाही.

टेकडीवर आई बसली होती. खाली गढूळ पाणी पसरत चाललं होतं.

‘तुला कवा कळलं हुतं हे?’ तिने विचारलं.

‘पावसाळा सरला तवाच.’

‘आरं, मग मला का न्हाई सांगितलंस?’

केरबाने मान खाली घातली.

‘आई, तुला इंग्रजी येत न्हाई न्हवं,’ तो म्हणाला.

आई रागावली नाही. रागावली असती तर केरबाला बरं वाटलं असतं. ती विचार करू लागली. शिकलेलं पोर म्हणतंय, त्यात काहीतरी असणार.

पुढे चौकशी झाली. राजहंसांसमोर एका विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेरचं उत्तर दिल्यामुळे वातावरण बिघडलं आणि बांधावर ताण आला, असं चौकशीत निघालं. केरबा पुन्हा नापास झाला. त्याला त्या विषयाला पहिल्यापासून परत बसायला सांगितलं. बांधही परत घातला, त्याच जागी, त्याच आराखड्याने. एकदा फुटून झाला होता, म्हणजे त्याची चाचणी झालेली होती.

आणि नवं सत्र सुरू झालं, तर काय आश्चर्य. खालची अख्खी वस्ती कॉलेजात नाव घालायला आली. पुढे केरबाची आई, मागे ससे, घोरपड, मुंगसं, सगळ्यात शेवटी म्हातारं कासव. त्यांना पदवी नको होती, परदेश नको होता. पुढच्या खेपेला बांध फुटायला लागला तर आपल्याला कोणीतरी सांगावं आणि ते आपल्याला कळावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भारद्वाज सरांना भरून आलं. एवढे मन लावून शिकणारे विद्यार्थी त्यांना कधी मिळाले नव्हते.

वस्तीचा वर्ग बांधाच्या पायथ्याशी भरू लागला, कारण तिथे सावली होती. केरबालाही त्याच वर्गात बसवलं. आई पहिल्या रांगेत बसायची, तो तिच्या शेजारी. आईचं पाठांतर झकास होतं. सोंड आली की ती मान अशी काही डौलात हलवायची, की सर सगळ्या वर्गाला तिच्याकडे बघायला सांगायचे.

एके दिवशी वर्ग चालू असताना केरबाचं लक्ष समोर गेलं. बांधाला ओल आली होती. त्याने सरकून जवळून पाहिलं आणि परत येऊन आईच्या कानाशी लागला.

‘आई, पाणी गढूळ येतंय.’

‘मला बी दिसतंय,’ आई पुटपुटली. ‘कवाधरनं दिसतंय. पन ते विंग्रजीत कसं म्हनायचं ते सरांनी आजून शिकवलं न्हाई. तवर गप बस.’

‘मी शिकवतो की. मला येतंय.’

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पोराविषयीची माया दाटून आली. तिने त्याच्या पाठीवरून, काटे चुकवत, हात फिरवला.

‘तू नापास हाईस, लेकरा,’ ती हळूच म्हणाली.

मग सरांनी तिचं नाव पुकारलं. ती उठून उभी राहिली आणि मोठ्या आवाजात आपली सोंड किती लांब आहे ते सांगू लागली.

तात्पर्य: धोक्याची सूचना नेहमी अशा भाषेत द्यावी, जी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही येत नाही. त्यामुळे घबराट पसरत नाही, आणि शेवटपर्यंत सगळे जागच्या जागी बसून राहतात.